वर्महोल घडवणार कोण?

वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारे बोगदे, खरोखर असतात का, असे कुणी विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: आइनस्टाइनच्या समीकरणांचा त्यांना मज्जाव नाही. भाषणांत, वृत्तपत्रांत, व्हिडिओंमध्ये हे वाक्य इतक्यांदा येते की ऐकणाऱ्याला अर्धे काम झाल्यासारखे वाटते. सिद्धांताने होकार दिला आहे, आता दुर्बिणीने शोधायचे तेवढे बाकी. माझे म्हणणे असे की हे उत्तर खरे असले तरी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. ज्या प्रश्नावर सगळे अवलंबून आहे, तो प्रश्नच या उत्तराखाली झाकला जातो.

असे का, हे समजायला थेट समीकरणाकडे जावे लागते. १९१५ साली पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या मूळ समीकरणाला दोन बाजू आहेत. एका बाजूला अवकाशकाळाची (अवकाश आणि काळ यांच्या एकत्र विणीची) भूमिती, म्हणजे तो कुठे किती वक्र आहे याचे वर्णन. दुसऱ्या बाजूला तिथले द्रव्य आणि ऊर्जा. एरवी भौतिकशास्त्रज्ञ द्रव्यापासून सुरुवात करतात. एवढ्या वस्तुमानाचा तारा इथे आहे, तर त्याच्याभोवतीचा अवकाशकाळ कसा वाकेल? पण गणिताला दिशेचे बंधन नाही. मनाला येईल ती भूमिती आधी लिहावी आणि तिला कसले द्रव्य लागेल ते नंतर समीकरणातून काढावे, हेही करता येते. अशा उलट्या हिशेबाला उत्तर नेहमीच मिळते. कोणतीही गुळगुळीत भूमिती घ्या, कुठल्या ना कुठल्या द्रव्यासाठी ती आइनस्टाइनच्या समीकरणात बसतेच. त्यामुळे ‘समीकरणाचा मज्जाव नाही’ हे वाक्य वर्महोलबद्दल खास असे काही सांगत नाही. खरी मेख पुढे आहे. समीकरणाने मागितलेले द्रव्य जगात आहे का? आणि असले तरी त्यापासून तसा आकार घडवणारी एखादी नैसर्गिक प्रक्रिया आपल्याला ठाऊक आहे का?

वर्महोलचा इतिहास या दोन प्रश्नांच्या उजेडात वाचला तर तो वेगळाच दिसतो. १९१६ साली श्वार्झशिल्ड यांनी गोलाकार वस्तुमानाभोवतीच्या अवकाशकाळाचे उत्तर काढले आणि त्याच वर्षी लुडविग फ्लाम यांनी त्या उत्तराच्या भूमितीचा नरसाळ्यासारखा आकार दाखवला. १९३५ साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी त्याच गणितातून दोन प्रतलांना जोडणारा पूल काढला. त्यांना ताऱ्यांमधला प्रवास सुचवायचा नव्हता. इलेक्ट्रॉनसारख्या कणाचे असे वर्णन त्यांना हवे होते, की ज्यात कुठेही राशी अनंत होणार नाहीत. तो प्रयत्न फसला, पूल मात्र राहिला. पुढे १९५७ साली चार्ल्स मिस्नर आणि जॉन व्हीलर यांच्या लेखात त्याला आजचे नाव मिळाले.

मग १९६२ साली व्हीलर यांनीच रॉबर्ट फुलर यांच्यासह एक हिशेब केला. त्याची चर्चा फार कमी होते, आणि मला तो या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. आइनस्टाइन-रोझेन पूल स्थिर नसतो. तो उघडतो, रुंदावतो आणि मिटतो, आणि हे इतक्या झपाट्याने होते की एका तोंडातून निघालेला प्रकाशसुद्धा दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कसलेही विचित्र द्रव्य न मागता, निव्वळ रिकाम्या अवकाशाच्या उत्तरातून मिळणारा जो पूल आहे, त्यातून पलीकडे जाता येत नाही.

त्यातही हा पूल खऱ्या कृष्णविवरात असण्याचे कारण नाही. श्वार्झशिल्ड यांचे पूर्ण उत्तर अनादी काळापासून असलेल्या कृष्णविवराचे आहे. खरे कृष्णविवर ताऱ्याच्या कोसळण्यातून जन्मते. गणितात जिथे पुलाची दुसरी बाजू असायला हवी, तिथे प्रत्यक्षात त्या ताऱ्याचे कोसळते द्रव्य असते. पलीकडचे टोक कधी तयारच होत नाही. कृष्णविवरात उडी मारली की दुसऱ्या विश्वात निघू, ही लोकप्रिय कल्पना इथेच संपते.

ज्यातून जाता येईल असे वर्महोल चर्चेत आले ते १९८८ साली, किप थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांच्या लेखामुळे. खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीतल्या आंतरतारकीय प्रवासासाठी शास्त्राला धरून काहीतरी हवे होते, आणि त्यांनी थॉर्न यांना विचारले होते. थॉर्न आणि मॉरिस यांनी नेमका उलटा हिशेब केला. प्रवाशाला सुखरूप जाता येईल अशी भूमिती आधी ठरवली आणि मग समीकरणाला विचारले की हिच्यासाठी काय लागेल. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला व्यापक सापेक्षता शिकवण्याचे साधन म्हटले आहे. इतका प्रामाणिकपणा पुढच्या अनेक बातम्यांत उरला नाही, याचे मला वाईट वाटते.

त्यांना मिळालेले उत्तर असे: वर्महोलचा गळा, म्हणजे मधला सर्वांत अरुंद भाग, उघडा ठेवायचा तर तिथे ऋण, म्हणजे शून्यापेक्षा कमी, ऊर्जा लागते. हे का, ते समजायला भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले समीकरण फार उपयोगी पडते. पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांच्या सिद्धांतांचा पायाही तेच समीकरण झाले. त्याचा आशय थोडक्यात असा की साधे द्रव्य प्रकाशकिरणांना एकमेकांकडे ओढते. किरणांचा जुडगा त्याच्याजवळून गेला की जवळ येतो, दूर जात नाही. आता वर्महोलचा गळा पाहा. आत शिरणारे किरण गळ्याच्या अरुंद भागाकडे जाताना जवळ येतात आणि पलीकडे बाहेर पडताना पुन्हा फाकतात. एकदा एकवटू लागलेले किरण फाकवणे साध्या द्रव्याला जमत नाही. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाने ढकलणारे काहीतरी लागते. कागदाची घडी घालून पेन्सिलीने आरपार भोक पाडण्याचे प्रात्यक्षिक आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यात नेमकी हीच गोष्ट निसटते. कागदातले भोक आपोआप उघडे राहते. अवकाशकाळातले तसे राहत नाही, त्याला उघडे ठेवायला किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती? एक मीटर त्रिज्येचा गळा घेतला तर लागणाऱ्या ऋण वस्तुमानाचे प्रमाण साधारण गुरू ग्रहाच्या वस्तुमानाइतके येते. ऋण ऊर्जा निव्वळ कल्पना आहे असे नाही. १९४८ साली हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी भाकीत केले की निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्यांच्यामधली ऊर्जा बाहेरच्या पोकळीपेक्षा कमी, म्हणजे शून्याखाली जाते आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हे आकर्षण प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. वर्महोलचे समर्थक हा दाखला हमखास देतात, पण त्याबरोबर आकडे सहसा देत नाहीत. पट्ट्यांमध्ये मीटरचा दहा लाखावा भाग एवढे अंतर असेल, तर त्या फटीतली ऋण ऊर्जा दर घनमीटरला एका ज्यूलच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी भरते. एक मीटरच्या गळ्याला दर घनमीटरला लागते सुमारे एकावर ४२ शून्ये इतक्या ज्यूलच्या घरातली. शिवाय त्या पट्ट्यांचे स्वतःचे धन वस्तुमान फटीतल्या ऋण ऊर्जेला कधीच गिळून टाकते.

हे प्रमाण घटवता येते का, यावरही गंभीर काम झाले आहे. मॅट व्हिसर, सायन कर आणि नरेश दधिच यांनी २००३ साली दाखवले की भूमिती हुशारीने निवडली तर लागणारी एकूण ऋण ऊर्जा हवी तेवढी कमी करता येते. माझ्या मताच्या विरुद्ध बाजूने बोलणारे हे काम आहे, आणि ते पक्के आहे. पण शून्यावर ती आणता येत नाही. शिवाय फोर्ड आणि रोमन यांनी १९९६ साली क्वांटम सिद्धांताच्या मर्यादा लावून काढलेला निष्कर्ष समोर उभाच आहे. त्यांच्या हिशेबाने एकतर गळा कल्पनेपलीकडे लहान असावा लागतो, नाहीतर ऋण ऊर्जा कल्पनेपलीकडे पातळ थरात दाबून बसवावी लागते. क्वांटम सिद्धांत ऋण ऊर्जा उसनी देतो, पण थोडी, थोड्या वेळासाठी.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कृष्णविवरांबद्दलही एकेकाळी असेच म्हटले जात होते ना? खुद्द आइनस्टाइन यांनी १९३९ साली लेख लिहून असे काही निसर्गात घडू शकत नाही असा युक्तिवाद केला. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी जड ताऱ्यांच्या शेवटाबद्दलच्या चंद्रशेखर यांच्या निष्कर्षाला जाहीर विरोध केला. आणि तरी २०१५ साली दोन कृष्णविवरांच्या मिलनाच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले तरंग, लायगो या वेधशाळेने टिपल्या, २०१९ साली एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राचे चित्र जगाने पाहिले. मग आज वर्महोलला नाही म्हणणारे उद्या तसेच चुकलेले ठरणार नाहीत कशावरून?

या तुलनेत एक मोठा फरक नजरेआड होतो. कृष्णविवराला पहिल्यापासून जन्मकथा होती. चंद्रशेखर यांनी विशीही न गाठलेल्या वयात, १९३० साली, दाखवायला घेतले की श्वेतबटू ताऱ्याचे, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचे, वस्तुमान एका मर्यादेपलीकडे, आजच्या आकड्यात सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे गेले, तर त्याला तोलून धरणारा दाब अपुरा पडतो. १९३९ साली ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी द्रव्याचा गोळा स्वतःच्याच भाराने कोसळत घटनाक्षितिजाआड, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेआड, कसा जातो याचे गणित पूर्ण केले. त्यांनी त्यात कुठलेही अनोखे द्रव्य घातले नाही. साधे द्रव्य, ज्ञात नियम आणि पुरेसे वस्तुमान, एवढ्यावर कृष्णविवर तयार होत होते. ते होऊ नये असे ज्यांना वाटत होते, त्यांनाच ते थांबवणारी नवी शक्ती शोधून आणावी लागत होती. एडिंग्टन यांनी तर निसर्गात तसा काही नियम असलाच पाहिजे असा आग्रह धरला. तो नियम कुणाला सापडला नाही.

वर्महोलच्या बाबतीत हे पारडे नेमके उलट आहे. ते होऊ नये यासाठी काहीच शोधावे लागत नाही. ते व्हावे यासाठी मात्र कुणी न पाहिलेले द्रव्य लागते, ते कुणी न पाहिलेल्या प्रमाणात लागते, आणि वर ते जागेवर नेऊन बसवणारी प्रक्रिया लागते. ती प्रक्रिया सर्वांत अवघड आहे. साध्या, सलग अवकाशात नवे वर्महोल निर्माण होणे म्हणजे अवकाशाची जोडणीच, गणिती भाषेत त्याची टोपोलॉजी, बदलणे. रॉबर्ट गेरोक यांनी १९६७ साली सिद्ध केले की मर्यादित जागेत अशी जोडणी गुळगुळीतपणे बदलायची तर कुठेतरी काळाची वाट स्वतःवरच वळून बंद व्हावी लागते, म्हणजे कार्यकारणभाव मोडतो. ते टाळायचे तर अवकाशकाळ कुठेतरी फाटावा लागतो. तारे मरतात, वायूचे ढग आकुंचन पावतात, दीर्घिका एकमेकींवर आदळतात. या कशातूनही वर्महोल निघत नाही.

यातून सुटण्याचा एक मार्ग व्हीलर यांनी सुचवला होता. अतिसूक्ष्म पातळीवर, प्लांक लांबीच्या घरात, अवकाशकाळ फेसासारखा उसळत असेल आणि त्यात इवलाली वर्महोल क्षणोक्षणी उमटून विरत असतील. ही लांबी म्हणजे एका मीटरचे एकावर ३५ शून्ये इतके भाग केले तर त्यातले दीडएक भाग. तिथे काय असते याचा पूर्ण सिद्धांत आपल्यापाशी नाही, त्यामुळे तिथे मी ठामपणे नाही म्हणणार नाही. पण त्या फेसातले एखादे वर्महोल ओढून माणसाएवढे करायचे, किंवा विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणात ते आपोआप ताणले गेले असेल असे मानायचे, हे अजून तरी सूचनेच्याच पातळीवर आहे.

एवढे सगळे म्हटल्यावर, वर्महोलचा अभ्यास थांबवावा असे मी सुचवतो आहे असा समज होऊ शकतो. मला नेमके उलट वाटते. गेल्या काही वर्षांत या विषयात जे हाती लागले आहे ते मला कुठल्याही अंतराळप्रवासापेक्षा अधिक थक्क करणारे वाटते.

२०१३ साली हुआन माल्दासेना आणि लिओनार्ड सस्किंड यांनी एक धाडसी कल्पना मांडली. दोन दूरच्या कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असणे, ज्याला एन्टँगलमेंट म्हणतात, आणि दोन जागा आइनस्टाइन-रोझेन पुलाने जोडलेल्या असणे, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात. योगायोग असा की हे दोन्ही विषय आइनस्टाइन यांच्याच १९३५ सालच्या दोन वेगळ्या लेखांतून आले होते आणि त्यांचा संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. २०१६ साली गाओ, जॅफरिस आणि वॉल यांनी दाखवले की एका विशिष्ट गणिती विश्वात पुलाच्या दोन टोकांना बाहेरून जोडले, तर पूल पलीकडे जाता येईल इतका वेळ उघडा राहतो. २०१८ साली माल्दासेना, मिलेखिन आणि पोपोव्ह यांनी आपल्यासारख्या चार मितींच्या अवकाशकाळात, चुंबकीय प्रभार असलेल्या दोन कृष्णविवरांच्या आधारे, पूर्वी कधी नव्हते इतके ज्ञात भौतिकशास्त्राला धरून असलेले वर्महोल रचून दाखवले. ते अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी लहान आहे.

आणि त्यातून जायला बाहेरच्या वाटेपेक्षा जास्त वेळ लागतो.

या शेवटच्या गोष्टीवर थांबून विचार करावा असे मला कळकळीने वाटते. हा त्या एका रचनेतला दोष नाही, त्यामागे सखोल कारण आहे. दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जलद प्रकाशकिरणाच्या वाटेवरच्या ऊर्जेची पूर्ण बेरीज ऋण होऊ शकत नाही, असा एक नियम आहे. सपाट अवकाशकाळासाठी तो २०१६ च्या सुमारास क्वांटम क्षेत्रसिद्धांतातून सिद्ध झाला. वक्र अवकाशकाळात त्याची सर्वसाधारण सिद्धता अजून नाही, पण तिथेही तो टिकेल अशी बहुतेक तज्ज्ञांची धारणा आहे. वर्महोल जवळची वाट असेल तर त्यातून जाणारा किरण सर्वांत जलद ठरतो आणि हा नियम मोडतो. वर्महोल लांबचा वळसा असेल तर आतला किरण सर्वांत जलद नसतो, नियम त्याला लागूच होत नाही, आणि ऋण ऊर्जेला जागा मिळते. म्हणजे ज्या वर्महोलला निसर्ग कदाचित वाव देईल, ते जवळची वाट म्हणून निरुपयोगी असते. प्रकाशाला मागे टाकता येत नाही या नियमाला वळसा घालायला आपण निघालो होतो, आणि त्याच नियमाने आपल्याला पुन्हा गाठले. सिद्धांताच्या अंतर्गत सुसंगतीचा इतका सुंदर दाखला मला दुसरा आठवत नाही.

माल्दासेना आणि मिलेखिन यांनी २०२० साली माणसाला झेपेल असे मोठे वर्महोलही मांडले. त्यासाठी त्यांना अजून न सापडलेल्या मितीची मदत घ्यावी लागली. प्रवाशाच्या घड्याळात जेमतेम काही क्षण जातील, बाहेर मात्र हजारो वर्षे लोटतील, असा तो प्रवास. ते तयार कसे होईल याची पटण्याजोगी प्रक्रिया आपण देत नाही, समीकरणात ते बसते एवढेच दाखवतो, असे त्यांनी लेखात स्वतःच स्पष्ट केले आहे. मर्यादा सांगण्याची ही रीत मला आदर्श वाटते.

ती रीत सुटली की काय होते, ते २०२२ च्या अखेरीस दिसले. जॅफरिस, मारिया स्पिरोपुलू आणि सहकाऱ्यांनी गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम प्रोसेसरवर केलेला प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ क्यूबिट (क्वांटम संगणकातली माहितीची एकके) आणि १६४ द्वि-क्यूबिट क्रिया वापरून त्यांनी एक क्वांटम प्रणाली चालवली. कणांच्या ज्या मॉडेलचे गणित कमी मितींच्या गुरुत्वाकर्षणाशी जुळते, त्याचे ते मशीन लर्निंगने अतिशय सोपे केलेले रूप होते. त्यातून माहिती एका भागातून दुसऱ्या भागात गेली, आणि ती जशी गेली त्याची वर्महोलमधून जाण्याशी तुलना करता येते, असा लेखकांचा दावा होता. बातम्यांचे मथळे मात्र शास्त्रज्ञांनी वर्महोल तयार केल्याचे सांगू लागले. प्रयोगशाळेतल्या अवकाशकाळाला कुठेही भोक पडले नव्हते. तीनच महिन्यांत, २०२३ च्या फेब्रुवारीत, कोब्रिन, शुस्टर आणि याओ यांनी टीका प्रसिद्ध केली की इतके आकसलेले मॉडेल मूळ मॉडेलचे गुण राखत नाही. मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिले. हा वाद शास्त्रात जसा व्हावा तसा झाला, पण मथळा वाचून पुढे गेलेल्यापर्यंत तो कधी पोहोचलाच नाही.

मला याचे दुःख अशासाठी होते की विद्यार्थ्यापुढे आपण ‘आहे’, ‘असू शकते’, ‘समीकरणात बसते’ आणि ‘संगणकावर त्याची नक्कल केली’ हे सगळे एकाच सुरात मांडतो. लायगोने मोजलेली लहर आणि नऊ क्यूबिटवरची नक्कल त्याच्या मनात शेजारी शेजारी, एकाच वजनाच्या होऊन बसतात. पुढे कुणी त्याला सांगितले की वर्महोलचा पुरावा नाही, तर कृष्णविवराच्या पुराव्याबद्दलही त्याला शंका वाटू लागली, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की वर्महोलची बातमी देणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्याशिवाय थांबू नये: लागणारे द्रव्य कोणते, ते कुणी पाहिले आहे का, आणि हे सगळे घडवून आणणारी प्रक्रिया कोणती. बहुतेक बातम्या तिसऱ्या प्रश्नापाशीच अडतील, आणि अडल्या तर ते वाचकाला कळले पाहिजे.

माझे मत बदलू शकेल असा पुरावाही मी सांगू शकतो. वर्महोल गुरुत्वीय भिंगासारखे वागून दूरच्या प्रकाशाला विशिष्ट रीतीने वाकवेल. सुमारे ५० हजार क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या, निरीक्षणांत तशी खूण तपासली गेली, ती मिळाली नाही आणि त्यावरून विशिष्ट आकाराच्या वर्महोलांच्या संख्येवर मर्यादा घालता आली. दोन जड वस्तूंच्या मिलनानंतर घटनाक्षितिजाऐवजी तिथे गळा उरला असेल तर गुरुत्वीय लहरींच्या शेवटी प्रतिध्वनी यावेत. ते शोधले गेले, निर्विवाद असा एकही हाती आलेला नाही. मला सर्वांत आवडणारी सूचना दाई आणि स्तोयकोविच यांनी २०१९ साली केली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटेरियस ए* या महाकाय कृष्णविवरापाशी वर्महोल असेल तर पलीकडच्या ताऱ्यांचे गुरुत्व झिरपून इकडे येईल आणि इकडच्या ताऱ्याच्या कक्षेत अल्पसा फरक पाडेल. एस२ हा तारा त्या केंद्राभोवती सुमारे १६ वर्षांत एक फेरी घालतो. आजची अचूकता एवढा बारीक फरक ओळखायला पुरत नाही, पण ती वाढते आहे. आणि उद्या फरक दिसलाच, तरी इकडचाच एखादा न दिसणारा तारा किंवा छोटे कृष्णविवर त्याला कारण नाही ना, हे आधी तपासावे लागेल. २०१८ साली एस२ केंद्राच्या सर्वांत जवळ आला होता. २०३४ च्या सुमारास तो पुन्हा येईल, आणि तोवर जमलेल्या नोंदींत हिशेबाबाहेरची ओढ दिसली, इकडची सगळी कारणे तपासूनही ती उरली, तर मी या लेखातले माझे मत मागे घेईन.